संगमनेरची भांडी

उत्तमरावाच्या भांड्यात शिजलेलं अन्न खाल्लं नाही, असा माणूस आमच्या राजूर भागात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. आणि त्या भांड्यांतलं एक शीतसुद्धा कधी तोंडात घातलं नाही, असा माणूस म्हणजे खुद्द उत्तमराव. आता बोला.

मी बन्सी. एसटीत कंडक्टर होतो, सगळी नोकरी या घाटातल्या गाड्यांवर गेली. आता रिटायर झालोय. पण तोंड अजून रिटायर झालेलं नाही, असं आमची मंडळी म्हणतात. दिवसभर घराच्या ओट्यावर बसतो. ओट्यासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे उत्तमरावाचं गोडाऊन आणि त्याला लागून घर. शटरवर पाटी आहे : भागिरथी बिछायत केंद्र. मंडप, भांडी, सतरंज्या भाड्याने मिळतील. भागिरथी म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पाटी तेवढी राहिली.

तर त्या न जेवण्याचा नियम उत्तमरावांचा स्वतःचाच, कुणी लादलेला नाही. ज्या कार्याला आपली भांडी गेली, त्या कार्यात आपण पंगतीला बसायचं नाही. मी एकदा छेडलं होतं त्यांना, की अहो, एवढी बुंदी पडते तुमच्या कढईत, एक घास घ्यावासा नाही का वाटत? तर म्हणाले, "बन्सी, भांडीवाला पंगतीला बसला का यजमानाला वाटतं, ह्यो जेवत न्हाई, भांडी मोजतोय. आन खरं सांगू? मोजतोच आपन. डोळं ऐकत न्हाईत."

आणि आमच्याकडे कार्य म्हटलं की भांडी यांचीच. लग्न असो, बारसं असो, सप्ता असो नाहीतर कुणाचा दहावा. दुसरा भांडीवाला या डोंगरपट्टीत नव्हताच. म्हणजे झालं काय, सगळ्या गावाला जेवू घालणाऱ्या माणसाला कुठल्याच मांडवात बसायला जागा नाही. लोकांनीही त्याची सवय करून घेतली. पत्रिका वाटायला निघाले की यांचं घर वगळायचे. म्हणायचे, उत्तमरावांना काय बोलवायचं, ते तर भांडी घेऊन येणारच आहेत. मग पाव्हण्यारावळ्यांना हाताला धरधरून बसवायचं आणि उत्तमराव आपले टेम्पोच्या केबिनमध्ये बसून घरून नेलेली कांदाभाकर खाणार. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

महेंद्र त्यांचा एकुलता एक. शाळेला सुट्टी असली की बापाबरोबर टेम्पोत. मांडवात पंगत बसली, वाढपी 'भात, भात' करत पळायला लागले, की हे पोर काचेला नाक लावून बघत बसायचं. एकदा उतरून पळालंच होतं तिकडं. उत्तमरावांनी मागून जाऊन उचलून आणलं, केबिनमध्ये बसवलं आणि त्याची हनुवटी धरून तोंड भाकरीकडे वळवलं. मारलं नाही, रागावले नाहीत. ही गोष्ट मला महेंद्रनंच सांगितली, मोठेपणी.

पोरगं हुशार निघालं. इंजिनिअर झालं, पुण्याला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागलं, आणि चढत चढत मॅनेजर झालं. काम काय करतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, पुरवठादारांचा माल वेळेवर येतोय का ते बघायचं. म्हटलं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. तो हसला. पण पगार भक्कम होता. फ्लॅट झाला, गाडी झाली, भारतीसारखी बँकेत नोकरी करणारी बायको मिळाली, सृष्टी नावाची गोड मुलगी झाली. बापाला दरवर्षी नवा स्वेटर आणायचा. उत्तमराव तो गोडाऊनच्या खिळ्याला लटकवून ठेवायचे, थंडीत मजुरांपैकी कुणीही घालावा.

मग उत्तमराव पडले. माळ्यावरून सतरंज्या काढत होते, शिडी सरकली आणि खुबा मोडला. नाशिकला ऑपरेशन झालं, पण पाय काही धड झाला नाही. खाटेवरून मोरीपर्यंत आणि मोरीतून खाटेपर्यंत, एवढंच चालणं उरलं. महेंद्र रजा काढून आला. रजा संपली, वाढवली, पुन्हा संपली. आणि एक दिवस गोडाऊनमध्ये पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यानं राजीनामा पाठवून दिला.

गावाला काय, चघळायला विषय मिळाला. कुणी म्हणालं, कंपनीनं हाकलला असणार. कुणी म्हणालं, बायकोशी पटत नाही. मला असलं कुजबुजणं जमत नाही. मी सरळ ओट्यावर बोलावून विचारलं, लेका, लाखाची नोकरी सोडून ही पातेली घासायला का आलास? बापाला ठेवायला पुण्यात जागा नव्हती का? तर म्हणाला, आप्पा पुण्याला यायला तयार नाहीत, हे एक. आणि दुसरं असं :

"काका, इतकी वर्षं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवलो. एका टेबलाला आठ जण, आठही जण मोबाईलमध्ये. तिथंही एकटाच होतो, फक्त एसी होता. इथं माणसं मांडीला मांडी लावून जेवायला बसतात. मी ते काचेतून बघितलंय नुसतं. मला एकदा तसं बसायचंय, कुणाचा तरी पाव्हणा म्हणून."

मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, येड्या, एवढ्यासाठी कुणी नोकरी सोडतं होय? पण त्याचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी राहिलं. ते पोर मनापासून बोलत होतं.

भारतीला मी दोष देणार नाही. सुरुवातीला ती शनिवारी यायची, सासऱ्याचं करायची, भाकरी थापायची. पण सृष्टीची दहावी आली, बँकेची बदली काही होईना, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. बापाला सोडून यालाही तिकडं जाता येईना. दोघांत भांडण असं काही नव्हतं. भांडायला तरी समोरासमोर यावं लागतं.

धंद्यात मात्र त्यानं मन घातलं. आता कंपनीतला माणूस, नुसतं घालेल होय? पहिल्यांदा प्रत्येक पातेल्यावर, परातीवर, झाऱ्यावर रंगानं नंबर टाकले. मग माल देताना मोबाईलवर फोटो, परत घेताना पुन्हा फोटो. कार्य उरकलं की त्या घरी मेसेज जायचा, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती चांदण्या द्याल. वरच्या वाडीतली लंकाबाई तो मेसेज घेऊन माझ्याकडे आली होती, की भाऊ, नातवाच्या बारशाला चांदन्या कशाला मागतोय ह्यो? मी महेंद्रला म्हटलं, बाबा रे, चांदण्या राहू दे, पण तो कॅमेरा आवर. लोकांना वाटतं, तू त्यांना चोरात काढतोयस. तो म्हणाला, नाही हो काका, मी माझ्यासाठी काढतो, माल हलवताना गोंधळ होऊ नये म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी.

पावसाळ्यात आमच्याकडे लग्नं नाहीत. पाऊस म्हणजे काय, छत्री उघडून उपयोग नाही असला पाऊस. त्या दिवसांत तो शटर अर्धं उघडून आत भांड्यांमध्ये बसलेला असायचा. एखादी बाई सत्यनारायणाला दहा-बारा ताटं न्यायला आली तर तिला खुर्ची द्यायचा, चहा विचारायचा, मुलं काय करतात विचारायचा. ती बिचारी बावरून ताटं उचलून निघायची. शाळासोबती होते, ते नाशिक-पुण्याला पांगले. जे इथं होते ते त्याला 'साहेब' म्हणायचे. त्या साहेब शब्दानं त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मला फार वाईट वाटायचं. माझ्यासमोर येऊन बसायचा, पण माझं तरी वय काय, त्याचं काय! म्हाताऱ्याच्या गुडघेदुखीवर माणूस किती दिवस काढणार?

आणि मग ते कल्याणच्या घरचं लग्न झालं.

कल्याण वरच्या वाडीतला, खाऊनपिऊन सुखी, पण नाकावर राग. त्याच्या थोरल्या पोराचं लग्न. भांडी अर्थात महेंद्रची. आता त्याआधी काय झालं होतं, कल्याणच्याच भाऊबंदांत एक साखरपुडा झाला, त्यात वाढपाची एक बादली हरवली. महेंद्र काही बोलला नाही, दुसरी आणली. त्याच्या लेखी विषय संपला. पण वाडीत तो संपला नव्हता. ज्यांच्याकडून बादली गेली ते मनातून खजील, आणि खजील माणूस लगेच चिडतो. बोलला नाही म्हणजे मनात धरून बसलाय, असं त्यांनी ठरवून टाकलं.

लग्नाच्या दिवशी महेंद्रनं भांडी उतरवली, सवयीनं फोटो काढले, टेम्पो झाडाखाली लावला. डबा नेला होता बरोबर. पंगत बसली. कुणीतरी वाढपी सहज म्हणाला, या की साहेब, बसा. नुसतं तोंडदेखलं. आणि हा उतरला, चपला काढल्या आणि पंगतीच्या शेवटाला जाऊन मांडी घालून बसला.

मी त्याच पंगतीत होतो, चार माणसं सोडून. त्याचा चेहरा अजून दिसतो मला. पत्रावळीवर भात पडला, आमटी पडली, बुंदी पडली. तो वाढणाऱ्या प्रत्येकाकडे मान वर करून बघत होता, जणू प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवायचंय. तो बघत होता माणसांकडं, पण त्या माणसांच्या हातात बादल्या होत्या. कल्याणनं तेवढंच बघितलं. तरातरा आला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मालक, भांडी मोजून घिऊन जा की. एक बादली गेली म्हनून जेवायला बसून राखन करायची गरज न्हाई. आमी चोर न्हाई."

दोघं-तिघं हसले. महेंद्रनं हातातला घास पत्रावळीवर ठेवला. मग तो उठला. भरल्या ताटावरून उठला. झालं, कल्याणचा पार भडका उडाला. आपल्या मांडवातून माणूस भरल्या ताटावरून उठून गेला, तेही पोराच्या लग्नात, याच्याएवढा अपमान नाही. म्हणजे बघा, अपमान करणाराही तोच आणि झालेलाही त्याचाच. मी मध्ये पडलो, कल्याणला चार शब्द सुनावले, पण त्या गोंधळात कोण ऐकतंय?

त्यानंतर वरची वाडी तुटली. कार्य निघालं की संगमनेरहून भांडी मागवायला लागले, जास्तीचं भाडं भरून. उत्तमराव खाटेवरून ऐकत होते. आयुष्यभराचा नियम पोरानं मोडला म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक मुकं. पुण्याहून त्याच्या जुन्या साहेबाचा फोनही आला होता, परत ये म्हणून. मी म्हटलं, जा बाबा. तो म्हणाला, आणि आप्पांना पाणी कोण देणार?

मी उत्तमरावांकडे गेलो, भांडायलाच गेलो होतो. म्हटलं, पोरगं काय चोरी करून आलंय का, जेवायला बसलं होतं ना? उत्तमरावांनी मला खाटेच्या कडेला बसवलं. मग म्हणाले, "मी जन्मभर टेम्पोत एकटा जेवलो, बन्सी. पन घरी भागिरथी हुती. रातच्याला कोन काय म्हनलं, मांडवात काय झालं, सगळं तिला सांगायचो. ह्याच्या घरी कोन हाय? मी हाय तवर हाय. माझ्या माघारी ह्यो कुनाशी बोलंल?"

मी आलो होतो भांडायला आणि परत आलो डोळे पुसत. म्हातारा पोरावर रागावला नव्हता. म्हातारा घाबरला होता.

परवाच्या वैशाखात माझ्या नातीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं. लग्न दारात. घरात यादी करायला बसले. माझा मुलगा म्हणाला, भांडी-मंडपाचा प्रश्नच नाही, समोर महेंद्र आहे. मी म्हटलं, नाही. भांडी संगमनेरहून आणायची, सगळी. कळशीसुद्धा महेंद्रची नको.

घरात हाहाकार. मुलगा म्हणतो, बाबा, डोकं ठिकाणावर आहे का? दारासमोर दुकान, आणि संगमनेरहून? त्याच्या छातीवर टेम्पो उतरवणार? सून म्हणाली, त्या माणसाला आधीच कमी त्रास आहे का? आमची मंडळी तर माझ्याशी बोलेनात. मी कुणाला समजावत बसलो नाही. गाडीत गर्दी झाली की कंडक्टर कारण सांगत नाही, पुढं सरका म्हणतो.

पण महेंद्रला मात्र आधी सांगितलं. पहिली पत्रिका घेतली, अक्षता घेतल्या, आमच्या मंडळींना हाताला धरून बरोबर घेतलं आणि रस्ता ओलांडून त्याच्या घरी गेलो. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. आतल्या खोलीत उत्तमराव खाटेवर होते, महेंद्र त्यांचा पाय चोळत होता. मी दोघांच्या हातावर अक्षता ठेवल्या. म्हटलं, लग्नाला यायचं.

महेंद्र हातावरच्या तांदळाकडे बघत म्हणाला, "काका, मी येणारच ना, भांडी घेऊन."

"भांडी संगमनेरहून येतील. तू नुसतं यायचं."

आधी त्याचा चेहरा पडला. मग हळूहळू त्याला उमगलं. तो हसला आणि म्हणाला, धंदा बुडवताय माझा. आणि उठून उगाचच पाणी आणायला आत गेला. आमच्या मंडळींनाही तेव्हा कळलं आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

उत्तमराव मूठ मिटून पडले होते. म्हणाले, संगमनेरच्या भांड्यांची बुडं पातळ, आचाऱ्याला सांग, भात खाली लागंल. मग म्हणाले, माझा पाय काही येऊ द्यायचा नाही. मग महेंद्र पाणी घेऊन आला तेव्हा, कित्येक दिवसांनी त्याच्याशी बोलले. एवढंच, की जा, आणि पोटभर जेव.

लग्नाच्या दिवशी महेंद्र इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. मोबाईल घरी ठेवून आला होता, हे मुद्दाम सांगतो. मी दारात त्याला गंध लावलं, टॉवेल-टोपी दिली. दुसऱ्या पंगतीत, अगदी मधोमध, चांगली गावातली माणसं बघून त्यांच्यामध्ये त्याला बसवलं. म्हटलं, आता कोण बोट दाखवतो बघू. भांडी त्याची नाहीत, बादल्या त्याच्या नाहीत. आता तो आणि गाव यांच्यामध्ये काहीच नाही.

बुंदी वाढायला मी स्वतः निघालो. पहिल्या फेरीला त्याच्यापाशी आलो, तर उजवीकडचा माणूस त्याला विचारत होता, आमच्याकडं पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे, मोठी कढई मोकळी आहे का? महेंद्रनं सांगितलं, आहे. तो माणूस म्हणाला, बरं झालं, आणि पलीकडच्याकडे तोंड करून बसला. दुसऱ्या फेरीला आलो, तर डावीकडचा म्हणत होता, हे संगमनेरवाले सतरंज्यांचं काय घेतात हो? त्यानं अंदाजानं सांगितलं. डावीकडचाही मग आपल्या पलीकडच्याशी बोलायला लागला. कुणाच्या म्हशीचं बोलणं, कुणाच्या पोरीच्या ॲडमिशनचं, कुणाच्या बांधाचं. यानं मध्येच एकदा विचारलं, कुणाची मुलगी? तर कुणीतरी म्हणालं, तुम्ही नाही ओळखायचे, साहेब. चांगल्या आवाजात म्हणालं हो. आणि समोरच्या ओळीतून एकानं अगदी निर्मळ मनानं विचारलं, आज तर भांडी तुमची नाहीत, मग तुम्ही इकडं कसे?

कुणी वाईट वागलं नाही. हेच मला खुपलं. कल्याणसारखा एखादा तोंड वाजवून गेला असता तर मी त्याला मांडवाबाहेर काढला असता. इथं कुणाला काढू? माणसं जेवत होती, आग्रह करत होती, 'घ्या साहेब, घ्या' म्हणत होती. भांडी मध्ये होती तेव्हा निदान वाटायचं, भांडी आहेत म्हणून. आता तीही नव्हती. महेंद्र मान खाली घालून जेवला. सगळं संपवलं, पत्रावळीवर शीत ठेवलं नाही. पंगत उठेपर्यंत थांबला, सगळ्यांबरोबर उठला. जाताना संस्कृतीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या पाया पडला, आणि रस्ता ओलांडून गेला.

पाठवणी झाली, ऊन कललं. मी उत्तमरावांसाठी ताट वाढून घेतलं. भात, वरण, भाजी, पुरी, बुंदी जरा जास्त. वर दुसरं ताट झाकलं आणि त्यांच्या घरी गेलो. दार लोटलेलं होतं. आत दिवा लावलेला होता, आणि उत्तमरावांचा आवाज येत होता. मी उंबऱ्यात थांबलो.

म्हातारा एकेक गोष्ट विचारत होता. पहिल्यांदा काय वाढलं. भात लागला होता का खाली. मठ्ठा होता का. आग्रह कुणी केला. महेंद्र खाटेच्या कडेला बसून सांगत होता, लहान पोराला गोष्ट सांगावी तसं सावकाश. मग उत्तमरावांनी विचारलं, "आन शेजारी कोन हुतं?"

महेंद्र म्हणाला, "सगळेच होते, आप्पा. जाधव सर होते, ग्रामसेवक होते. लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. शाळेतल्या. इतकं हसलो की घास घशात अडकला माझ्या. वरच्या वाडीतले दोघं होते, ते म्हणाले, झालं गेलं विसरा, एकदा घरी या जेवायला."

मी हातातलं ताट धरून तसाच उभा. वरच्या वाडीतलं कुणीसुद्धा आलेलं नव्हतं. जाधव सर पहिल्या पंगतीत जेवून दुपारीच गेले होते.

ताटाचा आवाज झाला असावा. उत्तमरावांनी मान वळवली. "बन्सी का? ये. ह्यो काय सांगतोय, खरं का रं? का माझं मन राखतोय?"

महेंद्रनं माझ्याकडे बघितलं. मला इतक्या वर्षांत किती लोकांनी खोट्या सबबी सांगितल्या असतील, मी एकालाही सोडलं नाही. विनातिकीट सापडलेला तहसीलदाराचा मेव्हणासुद्धा नाही. तो मी, खाटेपाशी गेलो आणि म्हणालो, "खरंय तर. याच्या शेजारी बसायला जागा मिळंना लोकांना. शेवटी मीच ओरडलो, का जेवा आता, बाकीच्या गप्पा उद्या करा."

उत्तमरावांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मंग आता माझी काळजी मिटली. आता मी गेलो तरी चालंल. पोरगं मानसांत हाय."

महेंद्र म्हणाला, "हो आप्पा, माणसांत आहे." आणि त्यांच्या पाठीला उशी लावायला वाकला, म्हणजे त्याचं तोंड त्यांना दिसायला नको.

मी ताटावरचं झाकण काढलं आणि म्हातारबाचा हात धरून ताटाला लावला. म्हटलं, जेवा आता, गार होतंय.